रुमालाखालचा सौदा

मी जे सांगणार आहे त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. धुळ्यापासून यावलपर्यंत माझ्या कुठल्या गोष्टीवर कोणाचा विश्वास बसलाय? तापीच्या पुरात मी म्हशीची शेपटी धरून नव्हे, म्हशीलाच पाठुंगळी घेऊन पलीकडे गेलो, हे सांगितलं तेव्हा लोक हसले. केळीच्या एकाच घडावर साप आणि मुंगूस शेजारी शेजारी झोपलेले पाहिले म्हटलं, तर लोकांनी चहा मागवला. पण ही गोष्ट तशी नाही. ही पडद्यावर दिसली. घशातून नळी आत सोडलेली, डोळ्यांतून पाणी गळतंय, तोंडात प्लास्टिकचं कडं, आणि बाजूच्या पडद्यावर माझीच आतली गुलाबी, ओली भिंत. त्या भिंतीवर एक दोरा होता. मला वाटलं, धोतराचा असेल; माणसाला काहीही वाटतं अशा वेळी. मग त्या दोऱ्याने अंग वळवलं. पांढुरका दोरा, मध्ये लाल रेघ, एक टोक भिंतीला घट्ट. नर्स म्हणाली, "अगं बाई!" आणि डॉक्टरीणबाई, हेमलताबाई, शांतपणे म्हणाल्या, "आबा, तुम्ही आत एकटे नाही आहात."

हे झालं त्याला महिना होऊन गेला. आज पुन्हा त्याच दवाखान्याच्या बाहेर, त्याच लोखंडी बाकड्यावर बसलोय. शेजारी भिकुबाई, माझी बायको. सकाळी दोघांचं रक्त घेतलं, त्याचा रिपोर्ट आत बाईंकडे गेलाय, आणि नाव पुकारलं की आत जाऊन मला एक खोटं बोलायचंय. ते मी मनात घोळवतोय. साध्या माणसाला वाटतं, खोटं ऐनवेळी सुचतं. छे. खोटं आधी कणकेसारखं मळावं लागतं. सुनबाई सारिका येणार होती सोबत, पण तिला शाळेत सुट्टी मिळाली नाही, बरं झालं. ती पोरगी माझ्या डोळ्यांकडे बघते. भिकुबाई नाही बघत. भिकुबाई समोरच्या भिंतीवरच्या यकृताच्या चित्राकडे बघत बसली आहे, आणि पदराआड काहीतरी कुरकुर चावते आहे. कच्चे तांदूळ. हल्ली ती कच्चे तांदूळ खाते. पदराच्या टोकात चिमूटभर आणते आणि एकेक दाणा दाढेखाली घेते. तो आवाज मला ऐकू येतोय. मी म्हणतो, म्हाताऱ्या माणसाला काहीतरी चाळा हवा.

दमा काय असतो हे ज्याला नाही त्याला सांगून उपयोग नाही. मी दोंडाईच्याच्या एका जिनिंगमध्ये होतो तरुणपणी. कपाशीची धूळ हवेत अशी उभी राहायची की उन्हाची तिरीप आत आली तर ती हाताने मोडता येईल असं वाटायचं. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, घरी गेलो की पोरं म्हणायची, आजोबा आले. आधी सोमवारी धाप लागायची, सुट्टीनंतर. मग रोज. मग झोपता येईना. रुईच्या गाठीवर बसून, हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत चढवून मी एकच काम करायचो: हवा आत ओढायची. बाकी जग उरायचंच नाही. मालक, बायको, पोरं, देव, सगळं एका शिट्टीत मावायचं; छातीतल्या त्या बारीक, चोरट्या शिट्टीत. भिकुबाई पाठीला मोहरीचं तेल चोळायची. तिचा तळहात वर-खाली फिरे आणि मला वाटे, ही माझ्याऐवजी श्वास घेतेय. आजही तो तळहात आठवला की आधी बरं वाटतं, मग भीती. माणूस मरणाला भितो म्हणतात. मी नाही भीत. मी त्या शिट्टीला भितो.

मग भिकुबाईच्या भावाने आम्हाला यावलकडे बोलावलं, त्याच्या केळीच्या बागेवर राखणीला. हवापालट होईल म्हणाला. तिथे त्यांच्या घरात एक रीत होती, आणि ती मला फार आवडली. बाग निसवली, म्हणजे झाडाच्या पोटातून केळफूल बाहेर पडायला लागलं, की आत चप्पल घालून जायचं नाही. माझी सासू म्हणायची, बाळंतिणीच्या खोलीत कोणी जोडे वाजवत जातं का? तेव्हा बांधावर चपला काढायच्या आणि अनवाणी आत. पाटाचं पाणी, काळी माती, वर पानांची सावली इतकी दाट की दुपारी सुद्धा पायाखाली ओल. ती ओल बोटांच्या बेचक्यांतून वर यायची. भिकुबाई पुढे, मी मागे. ती वाकून बुंध्याला फुटलेली पिलं, म्हणजे नवे कोंब, काढायची, मी घडांना टेकू लावायचो. पहिल्याच वर्षी दोघांच्या पायांना खाज सुटली. चिखल्या म्हटलं, हळद लावली, विसरलो. मजुरांना परसाकडला दूर जायला वेळ नसायचा, ते बागेच्या कडेलाच बसायचे, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीचा मान राखताना तिच्या दारात काय पडलंय ते कोणी पाहिलं नाही.

आणि पुढच्या वर्षी माझा दमा गेला. कमी झाला म्हणत नाही मी, गेला. एका सकाळी मी बागेत उभा होतो आणि लक्षात आलं की आपण श्वास घेतोय हे आपल्याला कळत नाहीये. केवढी चैन! सासूने नवसाला श्रेय दिलं, मेव्हण्याने हवेला, मी स्वतःला. आणि आता पडद्यावर तो दोरा दिसल्यावर मला खरा मानकरी कळला.

हेमलताबाईंनी समजावून सांगितलं होतं. त्या चांगलं सांगतात. अंकुशकृमी म्हणतात त्याला. तळपायाच्या कातडीतून शिरतो, रक्तातून फुप्फुसात, तिथून वर घशात, गिळला की आतड्यात, आणि तिथे दातांनी भिंत पकडून रक्त पीत बसतो. मी विचारलं, एवढा प्रवास करून आलेल्या पाहुण्याला माझं शरीर हाकलत कसं नाही? तेव्हा त्यांचे डोळे जरा चमकले. म्हणाल्या, "तीच तर गंमत आहे, आबा. शरीर हाकलायला निघतं. आपल्या रक्तात पेशींची फौज असते. पण या कृमीला वर्षानुवर्षं राहायचं असतं. म्हणून तो अंगातून असे रस सोडतो की आपल्याच फौजेतल्या शांत करणाऱ्या पेशी वाढतात. त्या बाकीच्यांना म्हणतात, जाऊ द्या, दमानं घ्या. मग भांडण सगळीकडेच थंडावतं. आणि दमा म्हणजे तरी काय? धुळीच्या कणाशी फौजेने उगाच काढलेलं भांडण."

"म्हणजे यानेच माझा दमा घालवला."

"असू शकतं. मी असू शकतं म्हणाले. कृमी असलेल्या भागांत काही ठिकाणी दमा कमी दिसतो, काही ठिकाणी नाही. परदेशात दम्याच्या लोकांना मुद्दाम कृमी देऊनही पाहिलेत. ठळक फायदा दिसला नाही. तुम्ही जिनिंग सोडलं, धूळ सुटली, हेही कारण असेल. तो रक्त पितो, हे मात्र नक्की आहे. तुमचं रक्त निम्म्यावर आलंय."

नक्की काय आणि कदाचित काय, हे मला कोणी शिकवू नये. मी बाजार पाहिलेला माणूस आहे. पूर्वी कापसाचा सौदा रुमालाखाली व्हायचा. दलाल आणि घेणारा हातात हात घालायचे, वर रुमाल टाकायचे, आत बोटं दाबून भाव ठरायचा. वरून बघणाऱ्याला फक्त कापड हलताना दिसायचं. शेतकरी शेजारी उभा, माल त्याचा, आणि त्यालाच भाव शेवटी कळायचा. त्या दिवसापासून मला तेच दिसतंय. माझ्या पोटात, त्या गुलाबी भिंतीवर, एक रुमाल पडलाय. त्याच्याखाली तो दोरा आणि माझी फौज बोटं दाबतायत. तो म्हणतोय, "भो, तू तुनं काम कर, मी मनं करस." एवढं रक्त माझं, एवढा श्वास याचा. ठरलं. आणि कोण ही कालची डॉक्टरीण, मध्ये हात घालून रुमाल ओढणारी? रक्त माझं आहे ना? मी देतोय. श्वासाचं भाडं म्हणून देतोय. मी त्या जंताला मनातल्या मनात पाहुणा म्हणतो. बाई म्हणाल्या की तो एकच नाही, पुष्कळ असतील, आणि एवढी वर्षं तोच जगलाही नसेल. अजूनही दरवर्षी तुम्ही दोघं निसवणीला मेव्हण्याच्या बागेत जाता आणि नवे घेऊन येता. मला ते पटलं नाही. माझा एकच आहे आणि तोच आहे.

मी गोळी घेणार नाही म्हणून घरी जाहीर केलं. सारिका पोळ्या लाटत होती, ती लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "आबा, नातवाला कुत्र्याचं पिल्लू आणू दिलं नाही तुम्ही. घाण करतं म्हणालात. आणि स्वतः पोटात जनावर पाळता?" मी म्हटलं, "ते भुंकत नाही." ती म्हणाली, "चावतं ना पण!" माझा मुलगा हसला आणि लगेच गप्प झाला, कारण सारिकाने त्याच्याकडे पाहिलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुमच्यासाठी नाही म्हणत मी. आईंसाठी म्हणते."

कारण गोळ्या दोन आल्या होत्या. बाईंनी भिकुबाईलाही तपासलं. तिचं रक्त माझ्याहून खाली. तिला दमा कधीच नव्हता. तिच्या आत रुमालाखाली कुठलाही सौदा नाही, नुसती लूट. हे मी आत्ता बाकड्यावर बसून म्हणतोय. तेव्हा नाही म्हटलं. तेव्हा मी म्हटलं, मग तिने घ्यावी ना, तिला कोणी अडवलंय?

तिला अडवलं होतं तिनेच. तांदळाचा हा चाळा सोडला, तर भिकुबाईने लग्न झाल्यापासून माझ्या आधी काही तोंडात घातलेलं नाही. पहिला आंबा नाही, चहा नाही. करोनाची लस सुद्धा मी टोचून घेतल्यावर तिने दंड पुढे केला. मी कामानिमित्त बाहेरगावी असलो तर ती दिवेलागणीला माझ्या नावाचा घास बाजूला काढून मग जेवायची. आधी मी तिला पुष्कळ समजावलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला ते आवडायचं. गोळी समोर ठेवली तेव्हा ती म्हणाली, "तुम्हीन ल्या, मंग मी लिसू." मी म्हटलं, "मी घेणार नाही." ती म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या." एवढंच. ना रडणं, ना रुसणं. गोळीची पट्टी तिने देवाच्या ताटलीशेजारी ठेवली आणि ती भाजी निवडायला बसली.

तेव्हापासून मला तिचं दिसायला लागलं. दिसू नये म्हणून मी कितीदा तोंड फिरवलं, तरी दिसायला लागलं. आम्ही आता धुळ्यात, देवपुरात मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबते. "तुम्हीन चला पुढे, मी येस मांगे," म्हणते आणि पदर नीट करते. पदर आधीच नीट असतो. नखं तिची मध्ये खोलगट झालीत, चमच्यासारखी, त्यांत पाण्याचा थेंब राहील. ओठ पांढरे. एकदा तर ती कुंडीतली माती चिमटीत घेऊन हुंगत होती, मी आलो तशी टाकली. मी वळणावर उभा राहून तिची धाप ऐकतो. माझी छाती मोकळी, तिची भरलेली. जणू माझी जुनी धाप मी उतरवून तिच्याकडे ठेवायला दिली आहे. असले विचार येतात आणि मग मी जोरात खाकरतो, शेजारच्या दारावरची पाटी मोठ्याने वाचतो.

मी एकटा जाऊन बाईंशी भांडून आलो. म्हटलं, तिला इंजेक्शनातून द्या, न सांगता द्या, माझी मात्र राहू द्या. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची जरा मागे सरकवून बसल्या. त्या शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर वाढल्यात, हे मला तेव्हा कळलं. "आबा, आमच्या पाड्यावर सगळ्यांच्या पोटात हे होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता ते मी लहानपणी पाहिलंय. दमा कोणाला नव्हता. अंगावर पित्त उठलेलं मी शहरात आल्यावर पहिल्यांदा बघितलं. माझी आई, मोतीबाई, तिला साधी शिंक येत नसे. माझ्या पाठच्या बाळंतपणात तिचं थोडंसंच रक्त गेलं. दुसरी बाई उठून बसली असती. तिच्या अंगात जायला तेवढंच होतं." मग पेन उचलून म्हणाल्या, "दम्याला माझ्याकडे पंप आहे. दमा परत आला तर मी बघून घेईन. रक्ताला माझ्याकडे जादू नाही. आणि न सांगता मी कोणालाही काही देत नाही."

मी उठलो. दारातून म्हटलं, "तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं, बाई. पण तो पंप तुम्ही कधी ओढलाय का? रुईच्या गाठीवर बसून?" आणि बाहेर पडलो. रस्त्यावर ऊन होतं, रिक्षावाले ओरडत होते, माझा श्वास सुरळीत आत-बाहेर होत होता आणि तो मला पहिल्यांदा चोरीचा वाटला. वाटला, तर वाटू दे. चोरीचा असला तरी श्वासच आहे. कोणी परत मागायला आलं तर मी देणार नाही.

पण मी काही अगदीच दगड नाही. मी तोड काढली. त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर जाहीर केलं, घेतो गोळी. सारिकाने पाणी आणलं. गोळी चावून खायची असते. मी ती मुठीत घेतली, हात तोंडाकडे नेला, आणि आधीच जिभेखाली ठेवलेला खडीसाखरेचा खडा दाढेखाली असा कटकन फोडला की नातवाने टाळी वाजवली. गोळी बोटांमधून टोपीच्या घडीत. तोंड कडू केलं, अंग शहारलं, वर म्हटलं, "जा रे बाबा पाहुण्या, रामराम." सारिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग भिकुबाईने तिची गोळी घेतली. तिची खायची पद्धत आहे, माझ्यासमोर तोंड हलवत नाही. ती भिंतीकडे वळली, मान खाली, पदर पुढे, थोडा वेळ तशीच. मग वळून पाणी प्यायली. मी इतका खूश झालो त्या रात्री! तिची लूट थांबली, माझा सौदा शाबूत. बापजन्मात असा व्यवहार कोणी जमवला नसेल, ज्यात सगळ्यांचं भलं झालं आणि कोणालाच कळलं नाही.

म्हणून आज मी निर्धास्त बसलोय. ती कच्चे तांदूळ चावतेय, पण सवय जायला वेळ लागतो. मघाशी दवाखान्याच्या चार पायऱ्या चढताना तिने माझा खांदा धरला. आजवर तिने चारचौघांत मला कधी हात लावला नाही. तो हात थंड होता, आणि हलका, वाळलेल्या पानासारखा. मी तेव्हा काहीतरी बोललो, ट्रॅफिकबद्दल. गोळीने अशक्तपणा येत असेल आधी. येतच असेल. आतून आवाज आला, "अभिमन आबा, या."

हेमलताबाईंनी आधी तिला जवळ बसवलं. अंगठ्याने खालची पापणी ओढून पाहिली. मीही पाहिलं. आत लाल असतं माणसाला; तिथे नुसता शिंपला होता. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, एकदा वाचले, पुन्हा वाचले.

"भिकुबाईंचं रक्त आणखी उतरलंय. हे मला समजत नाही. आज बाटली चढवावी लागेल, घरी सोडणार नाही मी." मग माझ्याकडे वळल्या. "आबा, गोळ्या घेतल्या होत्या ना दोघांनी?"

"घेतल्या म्हणजे काय!" मी सुरू केलं. हे मी मळून ठेवलेलं होतं, आता फक्त लाटायचं होतं. "बाई, तुम्हाला खरं वाटणार नाही. गोळी पोटात गेली आणि घटकाभरात पाहुणा आतून बोलायला लागला. म्हणतो, भो, काही चुकलं का माझं? मी म्हटलं, तुझं नाही, दिवस बदलले. सकाळी बाहेर पडला. हा एवढा, वितीएवढा! मी त्याला पाणी घातलं. पांढऱ्या कपड्यातला म्हाताराच जणू, मला बघून मान तुकवली त्याने. मी हात जोडले. आणि तेव्हापासून छातीत जराशी शिट्टी वाजते, पण मी म्हटलं, वाजू दे! दिलेला शब्द आहे. हिचाही तसाच गेला, पाठोपाठ, हिचा जरा लाजरा होता..."

हेमलताबाईंना हसू आलं होतं; ओठ दाबून धरले होते त्यांनी. मला चेव आला. मी हात पसरून त्या दोघा जंतांची वरात सांगायला लागलो, आणि बोलता बोलता माझी नजर त्या शिंपल्यासारख्या पापणीवर गेली आणि पुढचा शब्द सापडेना. आयुष्यात पहिल्यांदा सापडेना.

"खोटं शे, बाई."

भिकुबाई बोलली होती. मोठ्याने. बाहेरच्या बाकड्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तिचा तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. तिने कंबरेची पिशवी सोडली आणि काचेवर दोन गोळ्या ठेवल्या. एक धुवट पांढरी, टोपीच्या घडीत चपटी झालेली. दुसरी जशीच्या तशी.

"हाई यासनी, हाई मनी," ती म्हणाली. धाप लागली म्हणून थांबली, आणि माझ्याकडे बघत, सरळ डोळ्यांत बघत, तिने वाक्य पुरं केलं. "यासनी खादीच नही, मंग मी पयले कशी खासू?"